मदत हवी आहे: कडाक्याच्या हिवाळ्यात बागेची अवजारे कशी ठेवावीत?

नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून मिनेसोटात राहायला आलो आणि घरामागच्या जागेत मेथी, वांगी व मिरच्या लावल्या. येथे जानेवारीत पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्याही खाली जातो हे ऐकून ठाऊक होते. परंतु पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते याचा खरा अर्थ, नळाला तसाच जोडून ठेवलेला पाइप मार्चमध्ये उभा चिरलेला आढळला तेव्हा कळला.

यंदा पाइप काढून, उताराला धरून रिकामा केला आहे आणि बाहेरच्या नळाचे पाणी आतून बंद केले आहे. प्रश्न उरला आहे तो अवजारांचा. गावाहून आणलेल्या खुरप्याच्या पात्यावर, मुठीलगत जेथे ओली माती चिकटून राहिली होती नेमके तेथेच, तांबूस गंजाचे खवले धरले आहेत. ते तारेच्या ब्रशने घासल्यानंतर पात्याला शिवणयंत्राचे तेल पुरेल का? (खोबरेल घरात भरपूर आहे, पण ते येथे दगडासारखे थिजते.) लाकडी मुठीला जवसाचे तेल लावण्याचा सल्ला मिळाला आहे, मात्र त्या तेलात भिजलेली चिंधी चुरगळून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून अनुभवी मंडळी तिची विल्हेवाट कशी लावतात हे कृपया सांगावे.

तसेच, उरलेले कडुनिंबाचे तेल थंडगार गॅरेजमध्ये ठेवावे की घरात?