मदत हवी आहे: बोटीच्या डिझेल इंजिनाचं तेल किती तासांनी बदलावं? बायपास फिल्टर लावू का?

धडगावची_बोट
नमस्कार मंडळी. गाव शहाद्याकडचं, पण बोट चालते धडगाव तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्यात. तिथल्या काठावरच्या पाड्यांना बाजाराला जायचं तर बोटच. माणसं, गोण्या, शेळ्या, कधी मोटारसायकलसुद्धा. इंजिन दोन सिलिंडरचं, मूळ शेतातल्या पंपावरचं; चुलतभावाने लांब शाफ्ट जोडून बसवलंय. रेडिएटर नाही. छोटा पंप धरणाचंच पाणी खेचतो, जॅकेटमधून (सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून) फिरवतो, परत सोडतो.

पुस्तिकेत तेल २०० तासांनी बदला म्हटलंय. मेकॅनिक म्हणतो १००. पार्टच्या दुकानदाराने बायपास फिल्टर पुढे केला, "हा लावा, ५०० तास बघायचं नाही." साडेपाच लिटर तेल बसतं, मोह झालाच.

पण तेल बदलून ८० तासच झालेत (मीटर बंद, वहीत लिहितो) आणि डिपस्टिकवर (तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर) ते कमी व्हायचं सोडून बोटभर वाढलंय. तेल भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट साय, लोण्यासारखी.

तापीकाठ
फिल्टरचं नंतर बघू भाऊ. तेल वाढतंय म्हणजे त्यात डिझेल नाहीतर पाणी मिसळतंय. दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाका. तडतडलं तर पाणी. बोटावर घेऊन वासही घ्या.

धडगावची_बोट
तवा घरचाच घेतला, त्यावरून बरंच ऐकून घेतलं. हलकं तडतडलं. डिझेलचा वासही आहे.

जुना_फिटर
म्हणजे दोन्ही आहे. आता फिल्टरचं काम समजून घ्या. नेहमीचा फिल्टर साधारण २०-४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कचरा धरतो, त्यातून सगळं तेल जातं. बायपासमधून थोडंच तेल सावकाश जातं, म्हणून तो पार २-५ मायक्रॉनपर्यंत गाळतो. चांगली वस्तू आहे, नाव ठेवत नाही. पण तेलात विरघळलेलं डिझेल कुठलाच कागद गाळत नाही, आम्लही नाही आणि तेलात मिसळलेली संरक्षक रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह, संपली की परत येत नाहीत. तुमचं तेल मळलंय कमी, पातळ जास्त झालंय. ५०० तास चालवलं तर बेअरिंग जाईल. आमचे आबा म्हणायचे, "तेलले पैसा लागस, नवा इंजनले वावर इकनं पडस."

एक विचारतो, बाहेर पडणारं पाणी किती गरम असतं?

धडगावची_बोट
गरम कुठलं! हात धुवावे असं. मी तर खूश होतो, इंजिन थंड राहतं म्हणून.

जुना_फिटर
तिथेच पाणी मुरतंय. एवढ्या मोठ्या धरणाचं गार पाणी सतत आत, आणि इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट नाही. सिलिंडर तापतच नाही, डिझेल पुरतं जळत नाही, भिंतीवरून पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरतं. क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या पेटीत, वाफेचं पाणी होतं, त्याची ती साय. पंपाला सांगू नका पाणी थोडं दे म्हणून, तो देणारच. पाण्याच्या लाइनला कॉक बसवा आणि बाहेरचं पाणी साठेक अंशांवर आणा, म्हणजे हात ठेववणार नाही इतपत. एकदम बंद करू नका, पाणी वाहताना दिसलंच पाहिजे. समुद्रातल्या बोटींना खारं पाणी थेट फिरवलं तर क्षार बसतो, म्हणून तेही साधारण एवढ्यावरच ठेवतात.

सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर टपकतोय का तेही बघून घ्या. आणि सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. आधी स्वच्छ पाण्याचे थेंब आले तर हेड गॅस्केटवर (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या पॅकिंगवर) संशय घ्या.

धडगावची_बोट
अपडेट. बोल्टमधून पाणी नाही, काळं तेलच आलं. एक इंजेक्टर खरंच टपकत होता, नोझल बदललं. कॉक बसवला. तेल आणि फिल्टर दोन्ही नवे टाकले, जुनं तेल इंजिन गरम असतानाच काढलं म्हणून गाळही खाली आला. आज ४५ तास झाले, डिपस्टिक जागेवर आहे. झाकणाला साय नाही. बायपास फिल्टर घेतला नाही, १०० तासच धरतोय. पावसाळ्यात बोट दीड-दोन महिने उभी असते, मग तेल तेव्हा बदलू की सुरू करताना?

तापीकाठ
उभी करायच्या आधी. जुन्या तेलातलं आम्ल आणि पाणी दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. नवं तेल घालून पाच मिनिटं फिरवा, मग बंद करा. काढलेलं तेल डब्यात भरून शहाद्याला आणा, बोटीच्या फळ्यांना चोपडू नका. लोक तेच पाणी पितात तिकडे.