हातपंपाची एल: तुमची आवडती कोणती, आणि ती कुठं प्यायलात?

मंडळी, विषय एकच: इंग्लंडातल्या पबमध्ये हातपंपानं ओढून देतात ती एल, म्हणजे तिकडची पारंपरिक बियर. कारखान्यातच गाळून, तापवून, वरून वायू भरून येते ती बियर इथं नको. पिंपात यीस्टसकट येते, पबच्या तळघरात आणखी थोडी आंबते, निवळते आणि मग वर ग्लासात उतरते, ती हवी. तिकडे तिला रिअल एल म्हणतात. साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत जवळजवळ मोडीत काढली होती, कारण ती सांभाळायला माणूस लागतो आणि माल टिकत नाही. 1971 मध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडमधल्या डनक्विन गावच्या बारमध्ये बसून तिच्यासाठी चळवळ काढायचं ठरवलं. तीच पुढे कॅमरा (कॅम्पेन फॉर रिअल एल) म्हणून ओळखली गेली. आज इतक्या पबांत हातपंप दिसतात, त्यात त्या चौघांच्या हट्टाचा मोठा वाटा आहे.

नुसतं नाव नको. कुठं प्यायलात, काय लागलं, का आवडली, तेही सांगा.

माझी आवडती टिमथी टेलरची लँडलॉर्ड. यॉर्कशरमधल्या कीथली गावची, 1858 पासूनची ब्रुअरी, पाणी त्यांच्याच नोल झऱ्याचं, माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गोल्डन प्रॉमिस जातीच्या बार्लीचं. जेमतेम 4.3 टक्के अल्कोहोल, पण चवीला भरदार: आधी माल्टचा गोडवा, मग संत्र्याच्या सालीची हलकी चाहूल, शेवटी स्वच्छ, कोरडा कडवटपणा. लंडनमध्येही मिळते, पण कीथलीत स्टेशनापासून चालत बोल्टमेकर्स आर्म्सला जावं आणि तिथं प्यावी. एवढासा पब, भिंतींवर जुनी चित्रं, आणि पंपाच्या तोटीला स्पार्कलर, म्हणजे बारीक भोकांची टोपी, लावलेला, त्यामुळे वर दाट सायीचा फेस. हा फेस हवाच.

लंडन, चिझिक

फेसाबद्दल माझा ठाम विरोध नोंदवते! स्पार्कलरच्या बारीक भोकांतून एल दाबून काढली की तिच्यातला वायू आणि हॉप्सचा (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास फेसात निघून जातो. आमच्या दक्षिणेत ग्लास काठोकाठ भरतात, वर फेसाची पातळ कड, बस्स.

माझी फुलर्सची ईएसबी (एक्स्ट्रा स्पेशल बिटर). 1971 पासून बाजारात आहे, कॅमराचा ‘चॅम्पियन बियर ऑफ ब्रिटन’ किताब तिला तीनदा मिळाला. 5.5 टक्क्यांची आहे, म्हणून मी अर्धा पाइंटच (पाव लिटरच्या थोडं वर) घेते. मुरंब्याचा वास येतो. 2019 मध्ये ब्रुअरी जपानच्या असाहीनं घेतली तेव्हा आमच्या भागातल्या जुन्या लोकांना फार लागलं होतं. कार्यालयातून सुटल्यावर नदीकाठच्या पबात ईएसबीचा अर्धा पाइंट घेऊन भरतीचं पाणी चढताना बघत बसणं, यात मला जी स्वस्थता मिळते ती दुसऱ्या कशात नाही. एकटी बाई म्हणून कधी कुणी वळून पाहिलं नाही, हेही मुद्दाम सांगते.

शेफील्ड (मूळ नागपूर)

मी शिकत असताना पबच्या तळघरात काम केलं आहे. तुम्ही सगळे वरचं सांगता, मी खालचं सांगतो.

पिंप येतं ते बहुधा फर्किन, म्हणजे 9 गॅलन, साधारण 41 लिटर. ते आडवं चौकटीवर चढवायचं, पाचरी मारून पक्कं बसवायचं आणि मग हलवायचं नाही. वरच्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकली की तिच्यातून वायू बाहेर पडायला लागतो, फेस फसफसतो. तो पुसत राहायचा. फसफस थांबत आली की मऊ खुंटी काढून कडक खुंटी मारायची, म्हणजे उरलेला वायू आतच राहतो. हे कधी करायचं ते घड्याळ सांगत नाही. पिंपापिंपात फरक असतो. लँडलॉर्ड दांडगी, ती दोन-तीन दिवस घेते. दुसरी एखादी रात्रीत तयार. मग लाकडी हातोड्याच्या एकाच ठोक्यात तोटी बसवायची, थोडी काढून उजेडात धरायची, वास घ्यायचा, चाखायची. निवळली नसेल तर थांबायचं. वर गिऱ्हाईक कितीही ताटकळो, थांबायचं.

तळघर 11 ते 13 अंशांवर. लोक म्हणतात इंग्रज कोमट बियर पितात, तसं काही नाही बाप्पा. तळघराइतकी थंड असते. त्याहून गार केली तर चव मिटून जाते, त्याहून गरम झाली तर विटते. आणि पिंप एकदा उघडलं की तीन दिवसांत संपवायचं, कारण प्रत्येक पाइंटमागं आत हवा शिरत असते. म्हणून मी नेहमी सांगतो: दहा पंपांचा सुस्त पब सोडा, तीन पंपांचा भरलेला पब धरा.

माझी आवडती पेल रायडर. इथल्या केलम आयलंड ब्रुअरीची, 2004 ची चॅम्पियन. फॅट कॅट पबच्या शेजारीच ती ब्रुअरी होती. 2022 मध्ये बंद पडली, तेव्हा थॉर्नब्रिजवाल्यांनी पाककृती घेऊन पेल रायडर चालू ठेवली. त्यांचे उपकार मानतो.

ब्रिस्टल

शाकाहारी लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पिंपातली एल लवकर निवळावी म्हणून तिच्यात आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. गाळाबरोबर तळाशी बसतं, तरी आमच्या घरात ते चालत नाही. बारवर सरळ विचारा, ‘अनफाइंड’, म्हणजे हे न घातलेली, आहे का. इथली मूर ब्रुअरी आयसिंग्लास वापरतच नाही. एल थोडी धूसर दिसते, पण चव जास्त भरीव लागते असं माझं प्रामाणिक मत आहे.

ब्रायटन

मी लुइसबद्दल लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. आमच्यापासून ट्रेननं पंधरा-वीस मिनिटांवरचं गाव, आणि ऊझ नदीच्या काठावर हार्वीज ब्रुअरी, 1790 पासूनची. स्टेशनातून उतरून खाली चालत गेलं आणि त्या दिवशी बियरचा काढा उकळायला चढलेला असला की रस्त्यावर उकडलेल्या माल्टचा वास येतो. त्यांची ससेक्स बेस्ट फक्त 4 टक्क्यांची. तिचं यीस्ट 1957 मध्ये यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरच्या जॉन स्मिथ्सकडून आणलेलं, आणि तेव्हापासून एका घाण्यातून दुसऱ्यात तेच वाढवत आणलं आहे. 2000 च्या ऑक्टोबरात नदी गावात शिरली, ब्रुअरी पाण्यात गेली, माणसं बाहेर आणि आंबवण आत. यीस्टनं कुणाच्या मदतीशिवाय आपलं काम पुरं केलं. ती एल नंतर ‘ऊझ बूझ’ नावानं विकली.

पण खरी गोष्ट लुइस आर्म्स पबची. 2006 च्या डिसेंबरात पबच्या मालक कंपनीनं, ग्रीन किंगनं, तिथली हार्वीज बंद करून आपल्याच एल ठेवायचं ठरवलं. गावानं पबवर बहिष्कार टाकला. भर थंडीत लोक दाराबाहेर उभे राहून येणाऱ्यांना कारण समजावून सांगत होते. 133 दिवसांनी कंपनी नमली आणि एप्रिल 2007 मध्ये हार्वीज परत आली. मी तिथं पाइंट घेते तेव्हा मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो. आपल्या गावच्या चवीसाठी चार महिने चिकाटीनं उभं राहणं सोपं नाही.

मालवण (पूर्वी जहाजावर)

वर तळघराचं वाचून आनंद झाला, कारण आमच्याकडं माडीचं हेच असतं. सकाळची गोड, दुपारची तिखट, संध्याकाळची आंबट, आणि काढणाऱ्याचा हात बदलला की चव बदलते. म्हणून मला पहिल्याच पाइंटला ही एल ओळखीची वाटली.

माझी आवड ड्राफ्ट बास, बर्टन ऑन ट्रेंटमध्ये. कूपर्स टॅव्हर्नला ती पंपाविना, थेट पिंपातून काढून देतात. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम फार, त्यानं हॉप्सचा कडवटपणा खणखणीत होतो आणि नव्या पाइंटला गंधकाचा किंचित वास येतो. बासचा लाल त्रिकोण म्हणजे ब्रिटनमधला पहिल्या क्रमांकाचा नोंदलेला ट्रेडमार्क, 1876 चा. आणि आमच्या मुंबईशी बर्टनचं जुनं नातं. आधी लंडनच्या हॉजसन ब्रुअरीची, मग 1820 च्या दशकापासून बर्टनची पेल एल आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून महिनोन्‌महिने पिंपात हिंदकळत मुंबई-कलकत्त्याला उतरायची. ती प्यायचे मुख्यतः साहेब लोक. साध्या शिपायांच्या वाट्याला बहुतेक काळी पोर्टर बियर यायची. त्या वाटेवरून मी उलट दिशेनं बोटीनं गेलो आहे, त्यामुळे बर्टनमध्ये बसून बास पिताना मला नेहमी त्या खलाशांची आठवण येते.

डडली (मूळ कोल्हापूर)

आम्ही फौंड्रीवाले, त्यामुळं बर्मिंगहॅमजवळची ही जुन्या कारखान्यांची ब्लॅक कंट्री आम्हाला परकी वाटली नाही. भट्टीसमोर दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसाला तहान भागवायला हलकी, काळसर, कमी कडू माइल्ड लागायची, तीच इथली खरी एल. ब्रायर्ली हिलच्या द व्हाइन पबमागं बॅथम्सची ब्रुअरी आहे. त्यांची माइल्ड 3.5 टक्के, सोबत चीज-कांद्याचा कॉब, म्हणजे भरलेला गोल पाव. आणि सेजलीच्या बीकन हॉटेलात छोट्या खिडकीतून मिळणारी सारा ह्यूजची डार्क रूबी, ती मात्र 6 टक्के, जपून घ्यावी लागते.

इथले देसी पब बघाच. स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिच भागात एकेकाळी ओतकामाला आलेल्या पंजाबी माणसांना पबांत धड आत घेत नसत, वेगळ्या खोलीत बसवत. त्यांनीच पुढं पब चालवायला घेतले. आता तिथं त्याच टेबलांवर गोरे-काळे-आपले सगळे तंदुरी मिक्स ग्रिल खातात. हातपंप असलेला देसी पब सापडला तर सोडू नका. तिखट ग्रिलवर माइल्डचा घोट काय लागतो म्हणून सांगू!

पुणे

इथं 2009 मध्ये डूलाली सुरू झालं तेव्हापासून ताजी बियर मिळते, आणि नवी पोरं फार मनापासून काम करतात. पण पिंपात पिकलेली, हातानं ओढलेली बिटर, म्हणजे कडवट एल, नाही. मी लंडनहून येताना फुलर्सच्या व्हिंटेज एलच्या बाटल्या आणतो. 1997 पासून दरवर्षी काढतात, बाटलीतच यीस्ट असतं, वर्षानुवर्षं मुरते. अंधाऱ्या कपाटात उभी ठेवायची, ओतताना तळाचा गाळ मागं ठेवायचा. सासरे आणि मी दिवाळीनंतर एक उघडतो, दोघांत एक. जुनी असली तर शेरीचा आणि सुक्या अंजिराचा वास येतो.

बायकोला घेऊन यंदा खास यासाठी जायचं आहे. कधी जावं?

ब्रायटन

सप्टेंबरअखेर या, आणि थेट केंटमध्ये. एरवी हॉप्स वाळवून वापरतात, पण त्या दिवसांत तिथल्या ब्रुअरी वेलीवरून उतरवलेले ओले हॉप्स काही तासांच्या आत काढ्यात घालतात. ही ग्रीन हॉप एल हिरव्या, रसरशीत वासाची, आणि थोडेच आठवडे मिळते. फॅव्हरशमला मुक्काम करा. तिथं शेफर्ड नीमची जुनी ब्रुअरी गावाच्या मध्यातच आहे आणि बरेच पब चालत जाण्याजोगे आहेत. गाडी घेऊ नका. वहिनींना नवी चव आधी घोटभर बघायची असेल तर बारवर मोकळेपणानं मागा, बरेच जण आनंदानं देतात. अर्ध्या पाइंटांत प्यायलात तर एका संध्याकाळी चार वेगळ्या एल आरामात होतील.