बाळ रांगायला लागण्याआधी घरात काय काय बदललंत?

आमची लेक सात महिन्यांची झाली. आठवडाभर पोटावर गोल फिरतेय, कालपासून हातागुडघ्यांवर झुलतेय. आज-उद्या सुटणार. म्हणून काल मी हॉलमध्ये पालथी पडून तिच्या उंचीवरून घर पाहिलं. दिवाणाखाली एक सेफ्टी पिन, दोन शेंगदाणे, सासऱ्यांची बीपीची गोळी आणि रिमोटमधला चपटा सेल सापडला. रोज केर काढतो हो आम्ही! पोटात गोळाच आला. बाजारात काय मिळतं ते दुकानदार सांगतील. तुमच्या घरी काय घडलं आणि मग काय बदललंत, ते लिहा.

नाशिक
बादली. सगळ्यात आधी बादली. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी, त्यामुळे बादल्या, टब, घमेली, सगळं भरलेलं. मुलगा दहा महिन्यांचा, नुकता धरून उभा राहायला लागलेला. मी भाकरी थापत होते. मागे त्याचं वाटी आपटणं चालू होतं, ते थांबलं. पीठाच्या हातानं धावले तर मोरीत बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरून तो आत वाकलेला, केसांची टोकं पाण्याला लागलेली, टाचा जमिनीवरून सुटलेल्या. या वयात डोकं जड असतं, तोल गेला की मूल स्वतःहून वर येत नाही. आणि बुडताना आवाज होत नाही. चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. त्याच दिवशी मोरीच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. साठवणीचं पाणी आता घट्ट झाकणाच्या पिंपात, बाकी बादल्या उपड्या.

पुणे, बाबा
तुमच्या त्या चपट्या सेलबद्दल. माझ्या मुलानं वजनकाट्यातला गिळला, 20 मिलिमीटरचा, सीआर 2032. घरातले म्हणाले, केळं चारा, शीतून पडेल. ऐकू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओलाव्यानं तिथल्या तिथे भाजायला लागतो, दोन तासांत खोल जखम होऊ शकते. उलटी करवू नका, तडक एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. आमचा दुर्बिणीतून काढला. गिळलेलं नाणं असेल की सेल, असा संशय असला तरी सेलच समजून निघा.

सांगली, आजी
माझी विळी चाळीस वर्षं ओट्याखाली उभी होती. सूनबाई काही बोलली नाही, मीच उचलून माळ्यावर ठेवली. नातू येईपर्यंत खाली असलेलं देवघर भिंतीवर वर नेलं. समई पेटलेली असली की मी तिथून हलत नाही. पण खरी चूक वेगळीच होती. माझी मधुमेहाची गोळी उशाशी डबीत असायची. डॉक्टरांनी सांगितलं, यातल्या काही गोळ्या एक जरी पोटात गेली तरी लहान मुलाची साखर धोक्याइतकी खाली येते. आता डबी कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात. आजी-आजोबांनो, आपली औषधं आपणच सांभाळायची.

डोंबिवली
वनरूममध्ये वेगळं स्वयंपाकघर कुठलं? दाराला उंबऱ्यावर फळी लावली, ओट्यापुढे खाट आडवी. कुकर मागच्या शेगडीवर. मच्छरांच्या मशीनची रिफिल आणि डांबरगोळ्या वरच्या फळीवर. एवढंच जमलं, तेवढं पुरलं.

टोरांटो
इथे घरात जिना, म्हणून वरच्या टोकाचं फाटक भिंतीत स्क्रूनं बसवलंय. नुसतं दाबून बसवलेलं वर चालत नाही, ढकललं की सुटतं. पुस्तकांचं कपाट भिंतीला आवळलंय. भारतातून मावशीनं प्रेमानं वॉकर देऊ केला होता, नको म्हटलं. कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे, जिन्यावरून पडणाऱ्या मुलांमुळे.

कोल्हापूर, नर्स
ताई, ते दोन शेंगदाणेही हलक्यात घेऊ नका, श्वासनलिकेत जातात. वर्षाच्या आतलं बाळ गुदमरलं, रडू-खोकू शकत नसेल, तर हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच दाब. निघेपर्यंत आलटून पालटून, आणि कुणाला तरी 108 लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं. दिसत नसेल तर घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

धागा काढणारी
वाचता वाचता हात थंड पडले. सगळे रिमोट उघडून पाहिले, दोन रिमोटच्या झाकणाला स्क्रू नाही. ते कपाटात गेले. सासऱ्यांनी आपणहून गोळ्यांचा डबा वर ठेवला. आणि आज दुपारी ती सुटली. हातभर रांगली, सरळ चपलांच्या रॅककडे. रॅक आत्ता दाराबाहेर काढतोय.