मदत हवी आहे: ८-बिट गेमला जुन्या टीव्हीचा लूक कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) बनवतोय, कॅसेटवाल्या व्हिडिओगेमच्या धर्तीवर. मूळ रिझोल्यूशन ३२० × १८० ठेवलंय. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर ते बरोब्बर सहापट होतं, चित्र एकदम काटेकोर. पण १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर पूर्ण पट बसत नाही. काही पिक्सेल जाड, काही बारीक दिसतात आणि कॅमेरा सरकला की सगळं थरथरतं. चौपट करून कडेला काळी पट्टी सोडणं हा एक उपाय, पण मित्रांना ती पट्टी खुपते. तुम्ही काय करता?

दुसरं म्हणजे जुन्या यंत्रांच्या मर्यादा किती पाळायच्या? एनईएसवर (निन्टेन्डोचा जुना ८-बिट कन्सोल) एका स्प्राइटला (पडद्यावर हलणारं छोटं चित्र) पारदर्शक सोडून तीनच रंग मिळायचे. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट आले की ते लुकलुकायचे. २०१४ च्या शॉव्हेल नाइट या जुन्या धर्तीच्या गेमने ते लुकलुकणं सरळ काढून टाकलं, स्क्रीन रुंद केली, तरी गेम 'जुना' वाटतो. मला तीन रंगांचा नियम पाळायचाय, लुकलुकणं मात्र नको (त्याची आठवण येते म्हणणारे बहुधा खोटं बोलतात!).

आणि सीआरटी शेडर, म्हणजे चित्राला जुन्या डबा टीव्हीचा लूक देणारा ग्राफिक्स कोड? स्कॅनलाइन (आडव्या काळ्या रेघा) टाकल्या की चित्र काळवंडतं. ब्राइटनेस वाढवला तर रंग फिके पडतात. कोणी हा तोल साधला असेल तर सेटिंग्ज सांगा. शेडर साध्या इंटेल ग्राफिक्सवर चालायला हवा.