'उत्क्रांत तारा' हा शब्द खटकतो का?

मेसरच्या (लेसरसारखंच, पण सूक्ष्मलहरींतलं उत्सर्जन) रेडिओ सर्वेक्षणांवर मराठीत लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. हायड्रॉक्सिल, पाणी, सिलिकॉन मोनॉक्साइड यांचे मेसर ज्यांच्याभोवती सापडतात त्या 'इव्हॉल्व्ड स्टार'ला 'उत्क्रांत तारा' म्हणायचं? उत्क्रांत म्हटलं की माकडाचा माणूस आठवतो, काहीतरी पुढारलेलं, आणि इथे बिचाऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपलाय, फुगून लाल झालाय. सरळ 'म्हातारा तारा' का नको?

– म्हातारा नकोच. सूर्य ४.६ अब्ज वर्षांचा तरी अजून भर संसारात, आणि व्हीवाय कॅनिस मेजोरिस, ज्याच्याकडे वरचे तिन्ही मेसर आहेत, तो अंदाजे एक कोटीचाही नाही तरी शेवटाला आलाय, कारण जड तारा इंधन भसाभसा जाळतो. प्रश्न वयाचा नाही, अवस्थेचा आहे. मी 'उत्तरावस्थेतला' लिहितो.

– 'उत्तरावस्थेतल्या ताऱ्यांच्या मेसर उत्सर्जनाचं सर्वेक्षण' एका दमात म्हणून दाखवा :) शाळेतला 'तांबडा राक्षसी तारा' काय वाईट आहे?

– राक्षसी पुष्कळ असतात हो, मेसर सगळ्यांकडे कुठे? मायरा या ताऱ्यासारखे धडधडणारे, धूळ सोडणारे हवेत. म्हणून तर बाडे सर्व्हेत, म्हणजे आकाशगंगेच्या मधल्या भागातल्या ताऱ्यांच्या पाहणीत, इन्फ्रारेडच्या रंगावरून आधी २८,००० च्या आसपास तारे निवडले आणि मग सिलिकॉन मोनॉक्साइडसाठी तपासले.

– मला उलट 'उत्क्रांत'च आवडतो. संस्कृतात उत्क्रमण म्हणजे वर निघून जाणं, बाहेर पडणं, उत्क्रांती म्हणजे प्राण देह सोडून जाणं. माकड-माणूस नंतर चिकटलं. आणि हे तारे तेच करतायत की, अंगावरचं सोडून निघालेत! हायड्रॉक्सिलच्या १६१२ मेगाहर्ट्झ रेषेचा वेग-तीव्रता आलेख बघा, दोन टोकदार शिंगं आणि मधे दरी. एक शिंग आपल्या दिशेने येणाऱ्या वायूचं, दुसरं ताऱ्यापलीकडून लांब जाणाऱ्याचं. मधोमध ताऱ्याचा वेग, आणि शिंगांमधल्या फरकाचं निम्मं म्हणजे कवच पसरायचा वेग, बऱ्याचदा सेकंदाला १०-२० किमी.

– हे माहीतच नव्हतं. मग उत्क्रांतच ठेवतो. मेसरला पण प्रतिशब्द शोधू का?

– नको, लेसर रुळला तसा रुळेल. १९६५ ला हायड्रॉक्सिल मेसरची एक रेषा आधी कळेचना तेव्हा बर्कलीच्या खगोलशास्त्रज्ञांनी गमतीत 'मिस्टेरियम' नाव दिलं होतं, ते कुठे टिकलं. आलेखाला मात्र 'दुशिंगी' म्हणा.