माफिया ३ बद्दल थोडं

या चर्चेत वर राजने म्हटलंय की माफिया ३ हा व्हिडिओ गेम मध्येच कंटाळवाणा होतो कारण स्टोरी कमी पडते. मला नाही पटत, स्टोरी शेवटपर्यंत चांगलीच आहे, माती खाल्लीय ती मिशनच्या रचनेने. सुरुवात आठवा ना, १९६८, न्यू ऑर्लिन्सवरून बेतलेलं न्यू बोर्डो हे काल्पनिक शहर, मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या गर्दीत बँकेवर दरोडा आणि मग माफिया बॉस सॅल मार्कानो ज्यांच्यासोबत काम केलं त्यांचाच काटा काढतो. मधे मधे फादर जेम्स या पाद्र्याच्या मुलाखती डॉक्युमेंटरीसारख्या, काय बांधलंय राव! आणि वर्णभेद नुसता संवादात नाही, काही दुकानांत लिंकन, म्हणजे आपला कृष्णवर्णीय नायक, नुसता शिरला तरी मालक हाकलतो, नाही गेलात तर पोलिसांना फोन, आणि गरीब वस्तीत तेच पोलीस निवांत येतात. असं गेमप्लेमधून दाखवणं फार कमी जणांना जमलंय.

पण मार्कानोविरुद्ध लिंकनचे तिघे साथीदार गोळा झाले की तेच ते सुरू. वस्तीत जा, माणसाला दमात घ्या, माल फोडा, गुंड मारा, ठरलेल्या डॉलरचं नुकसान झालं की धंद्याचा म्होरक्या येतो, मग बऱ्याचदा त्याच इमारतीत परत जायचं जिथे आत्ताच सगळे मारून आलो. आणि शत्रू इतके बावळट की कोपऱ्यात उभं राहून शिट्टी मारली की एकेक चालत येतात मरायला.

बुडत्या बोटीवरचं मिशन खेळलंय का कोणी? तसली हाताने घडवलेली मिशन्स जास्त हवी होती, वस्त्या निम्म्या केल्या असत्या तरी चाललं असतं.