मदत हवी आहे: हातापायांना बधिरपणा, मान वाकवली की पाठीतून करंट, आणि रिपोर्ट मात्र नॉर्मल

नमस्कार.

मी हुपरीत राहते, वय एकेचाळीस. घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणे आणि त्यांना डाग देणे, म्हणजे तापवून सांधा जोडणे, हे माझे काम. मजुरी वजनावर मिळते. यजमान हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतात, त्यामुळे आम्हा दोघांनाही ईएसआय (कामगार विमा) लागू नाही. मला येथे रोगाचे निदान मागायचे नाही. हाताशी असलेल्या थोड्या पैशांत पुढची कोणती तपासणी आधी करावी आणि ती कोल्हापुरात कोणत्या मार्गाने करून घेता येईल, एवढेच ज्यांनी हे भोगले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

गेल्या दिवाळीच्या कामाच्या गर्दीत डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या, आणि पुढे दोन्ही पाय तळव्यांपासून वर बधिर होत गेले. चालताना पायातली चप्पल निघून गेली तरी मागे वळून पाहिल्यावरच कळते. बारीक कडी चिमटीत आहे की निसटली, हे बोटांना समजत नाही, डोळ्यांनी खात्री करावी लागते; त्यामुळे काम निम्म्यावर आले आहे. डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो. मान खाली वाकवली की पाठीतून थेट पायापर्यंत करंट गेल्यासारखी झिणझिणी जाते, आणि माझे काम तर दिवसभर मान वाकवूनच करायचे आहे. लघवीवर ताबा आहे. साखर आणि थायरॉईड ठीक आहेत.

एका खाजगी दवाखान्याच्या सांगण्यावरून कमरेचा एमआरआय काढला, त्यात किरकोळ झीज दिसली. नसांची एनसीव्ही तपासणीही नॉर्मल आली. तेव्हा ‘ताण घेऊ नका’ असे सांगून मला झोपेची गोळी लिहून दिली गेली. मनाशी जोडलेल्या आजाराचा मला कमीपणा वाटत नाही. त्यातही हातापायांची शक्ती खरोखर जाते, हे मी जाणते. परंतु ते निदानसुद्धा रुग्णाला तपासून, त्यात सापडणाऱ्या ठरावीक खुणांवरून करायचे असते, केवळ रिपोर्टात काही निघाले नाही म्हणून नव्हे.

मला खऱ्या अर्थाने तपासले ते सरकारी आरोग्य केंद्रात बाँडवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी. त्यांनी गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली, मग स्वतःच्या गाडीची किल्ली माझ्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे ओढली, तेव्हा डाव्या पायाचा अंगठा आपोआप वर उचलला गेला. “ताई, हे कमरेचं नाही. वर मानेत बघायला पाहिजे,” असे त्या म्हणाल्या. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, त्यामुळे मानेतला दोष कमरेच्या एमआरआयमध्ये दिसत नाही, आणि एनसीव्ही ही मज्जारज्जूच्या बाहेरच्या नसांची तपासणी असते, हेही त्यांनीच समजावून सांगितले. पुढे त्यांची मुदत संपली आणि त्या गेल्या.

त्यांनी बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचीही शंका घेतली होती. आमच्या घरात मटण शिजते, पण मी माळकरी आहे. गळ्यात माळ घातल्यापासून शाकाहारी. अडचण अशी की कुणी तपासण्याआधीच मला बी-१२ च्या लाल इंजेक्शनांचा कोर्स देण्यात आला होता, त्यामुळे नंतरच्या तपासणीत बी-१२ भरपूर निघाले. इंजेक्शने घेतल्यानंतर, आधी कमतरता होती की नाही हे ठरवण्याचा काही मार्ग उरतो का? मानेच्या एमआरआयचा खर्च करण्यापूर्वी हे विचारणे मला महत्त्वाचे वाटते.

पैशांचे सांगायचे तर, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. निदानच झाले नसेल तर कोणत्या उपचारासाठी दाखल व्हायचे? धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवून कुणी या सवलतीत, दाखल न होता, एमआरआय करून घेतला आहे का? कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जायचे तर मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करावी की हाडांच्या? ई-संजीवनी या सरकारच्या दूरस्थ वैद्यकीय सल्ला सेवेवर मी बोलले, समोरच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकूनही घेतले, पण फोनवरून हातोडी मारता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्सला (मेंदू, मज्जासंस्था आणि मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेत) जाऊन आलेले कुणी असेल तर तेथे चिठ्ठीशिवाय पहिली तपासणी होते का, आणि कन्नड येत नसेल तर कसे निभावते, हे कृपया सांगावे.

हुपरीतल्या कारागिरांना एक वेगळा प्रश्न आहे. डाग देताना निघणाऱ्या धुराने असा त्रास कुणाला झाला आहे का, आणि कुणी रक्तातील शिशाची तपासणी केली आहे का? शिशाचा नसांवर परिणाम होतो, आणि तरीही मी काय काम करते हे मला त्या डॉक्टरबाईंखेरीज कुणीही विचारलेले नाही.

तेल, पट्टे आणि मान मोडून देणारे वैद्य कृपया सुचवू नयेत. मानेला झटका बसू देऊ नका आणि लघवी अडली किंवा पायांतली शक्ती एकाएकी कमी झाली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, असे मला बजावलेले आहे. उत्तर देताना आपण कोणत्या ओपीडीत दाखवले, सोबत कोणती कागदपत्रे नेली आणि एमआरआयची तारीख साधारण किती दिवसांनी मिळाली, एवढे लिहिलेत तर मला त्याप्रमाणे कामाची सुट्टी ठरवता येईल.